स्टॉपवॉच की सॉसेजची साल?

जून सरत आला की महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत 'ब्रँच' हा शब्द 'पाऊस' या शब्दापेक्षा जास्त वेळा ऐकू येतो. सीईटीचा निकाल लागलेला असतो. मुलांच्या हाती गुण नसतात, पर्सेंटाइल असतात, आणि ते दशांशचिन्हापुढे सात घरांपर्यंत मोजलेले असतात. लग्नातलं सोनंही इतकं बारीक कुणी तोलत नाही. पण एवढ्या काटेकोरपणे मोजलेलं मूल पुढची चार वर्षं काय शिकणार, हे मात्र पोह्यांवर लिंबू पिळता पिळता अंदाजपंचे ठरतं. शेजाऱ्यांचा जावई काय करतो आणि 'त्याला आता स्कोप राहिला नाही हो' असं परवा लिफ्टमध्ये कोण म्हणालं, यावर सगळी भिस्त.

त्यात ब्रँचच्या नावांनी कहर केलाय. पूर्वी सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल अशी एका दमात संपणारी नावं असायची. आता यादीत कॉम्प्युटर असतं आणि त्यामागं त्याची कंसातली पिलावळ: कंसात एआय, कंसात डेटा सायन्स, कंसात आणखी काही. 'कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी' ही एकच ब्रँच आहे. मी रचलेली नाही, अधिकृत यादीत आहे. ही पदवी घेतलेल्या मुलाची ओळख करून देईपर्यंत मुलीकडची मंडळी चहा संपवून उठलेली असतील.

आमच्या भाचीनं या सगळ्याला बगल दिली आणि घरात दोन भलतीच नावं आणून ठेवली. एक इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, दुसरं बायोइंजिनिअरिंग. हे दुसरं कुठं बायोमेडिकल म्हणून मिळतं, कुठं बायोटेक्नॉलॉजी, कुठं आणखी काही. त्यांच्यात फरक आहेत, पण ते सांगत बसलो तर लेखाचा दिवाळी अंक होईल. घरात सगळे 'बायो' म्हणत होते, आपणही तसंच म्हणू.

ताईच्या चिंचवडच्या घरी मग बैठक बसली. 'बायो म्हणजे अर्धी डॉक्टरच की,' ही साताऱ्याहून आलेल्या आत्याची पहिली प्रतिक्रिया. 'सुई तेवढी टोचायची नाही.' भाचीला अकरावीत जीवशास्त्र घ्यायचं होतं तेव्हा याच आत्यानं 'बेडूक कापतात गं' म्हणून तिला परावृत्त केलं होतं. आता पुढची विद्या बेडूक वगळून मिळते आहे म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. इंडस्ट्रियलबद्दल मात्र तिला शंका होती. 'आयटीआयच ना ते? त्याला बारावी कशाला लागते?'

खालच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी दोन्ही नावं शांतपणे ऐकून घेतली आणि अपेक्षित प्रश्न विचारला. 'स्कोप आहे का?' हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, मान हलवायला निमित्त हवं असतं. भाची म्हणाली, 'आहे.' काकांनी मान हलवली. ती म्हणाली असती 'नाही', तरी त्यांनी तशीच हलवली असती.

अमेरिकेतला चुलतभाऊ व्हिडिओ कॉलवर आला. तो शिकला मेकॅनिकल आणि गेली कित्येक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. 'काहीही घे गं,' तो म्हणाला, 'शेवटी सगळे कोडिंगच करतात.' बैठकीतलं हे सर्वांत अनुभवसिद्ध विधान होतं. सिव्हिलवाले, केमिकलवाले, टेक्स्टाइलवाले असे नाना शाखांचे पदवीधर सकाळी एकाच बसमधून हिंजवडीला जाताना मी पाहिलेत.

भावोजींचं दुखणं निराळं होतं. ते चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लाइनवर सुपरवायझर आहेत आणि इंडस्ट्रियल इंजिनिअर ही जमात त्यांनी जवळून पाहिलेली आहे. 'आयईवाले ना? स्टॉपवॉच घेऊन येतात ते? अगं, तो माणूस लाइनवर उभा राहिला की सगळ्यांचे हात आपोआप जड होतात. चाळीस सेकंदांचं काम पंचावन्नला जातं. तो पंचावन्न लिहितो आणि जाताना म्हणतो, अठ्ठेचाळीसमध्ये बसवा. आणि माझी मुलगी ते होणार?' एखाद्या फौजदाराच्या मुलीनं वकील व्हायचं म्हणावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

भावोजींचा राग शंभर वर्षांहून जुना आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. या शास्त्राचा मूळपुरुष फ्रेडरिक टेलर. अमेरिकेतल्या बेथलहेम स्टील कारखान्यात त्यानं कोळसा आणि खनिज उपसणाऱ्या मजुरांची फावडी मोजली. निष्कर्ष असा निघाला की फावड्यात एका वेळी सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो माल आला, तर माणूस दिवसभरात सर्वांत जास्त उपसतो. म्हणून हलक्या मालाला मोठं फावडं आणि जड मालाला लहान. ऐकायला किती सोपं! तोवर मजूर आपापलं फावडं घरून आणत आणि त्यानंच सगळं उपसत. टेलरचा दुसरा पराक्रम कच्च्या लोखंडाच्या ठोकळ्यांचा. त्याच्या म्हणण्यानुसार दिवसाला साडेबारा टन उचलणारा मजूर त्याच्या पद्धतीनं साडेसत्तेचाळीस टन उचलू लागला. मजुरी वाढून एक डॉलर १५ सेंटची एक डॉलर ८५ सेंट झाली. काम जवळजवळ चौपट आणि पगार साठ टक्क्यांनी जास्त, हे गणित भावोजींनी दोनदा करून पाहिलं आणि 'युनियन नव्हती का तिथं?' असं विचारलं.

तिथलं मला ठाऊक नाही, पण दुसरीकडे होती. टेलरचं 'वैज्ञानिक व्यवस्थापना'वरचं पुस्तक १९११ साली आलं आणि त्याच वर्षी वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात स्टॉपवॉचवरून कामगारांनी संप केला. प्रकरण अमेरिकी संसदेच्या समितीपुढे गेलं, टेलरची उलटतपासणी झाली आणि पुढं सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉच वापरायला कायद्यानं बंदी आली. एका घड्याळावर संसदेत बंदी आणवून घेणारी दुसरी ब्रँच मला माहीत नाही. भावोजींना हे सांगितल्यावर त्यांचा इंडस्ट्रियलबद्दलचा आदर एकदम वाढला. बंदीबद्दलचा, म्हणजे.

टेलर रुक्ष होता, पण त्याच काळातलं गिलब्रेथ जोडपं फार लोभस. फ्रँक गिलब्रेथ मूळचा गवंडीकामातला. वीट रचताना गवंडी अठरा हालचाली करतो, त्यातल्या बहुतेक फुकट, असं त्यानं पाहिलं. विटा कमरेच्या उंचीच्या मचाणावर ठेवल्या, चुना नीट कालवून दिला आणि अठराच्या जवळपास पाच केल्या. या माणसाला बारा मुलं झाली, आणि घर चालवण्याची पद्धतही तीच. तो वेस्टकोटाची बटणं खालून वर लावायचा, कारण वरून खाली लावण्यापेक्षा चार सेकंद वाचतात. एकदा दोन्ही हातांत दोन वस्तरे घेऊन दाढी करून पाहिली. त्याच्या मुलांनीच लिहून ठेवलंय की चव्वेचाळीस सेकंद वाचले आणि गळ्याला पट्टी बांधण्यात दोन मिनिटं गेली. या शाखेचा सगळा अभ्यासक्रम या एका दाढीत आहे, असं माझं मत आहे.

खरी वस्ताद त्याची बायको, लिलियन. मानसशास्त्राची डॉक्टरेट. १९२४ साली नवरा अचानक गेला आणि बाईमाणसाकडून कारखान्याचा सल्ला घ्यायला कंपन्या नाही म्हणू लागल्या. ती स्वयंपाकघराकडे वळली. ओटा किती उंच हवा, चुलीपासून फडताळापर्यंत पावलं किती पडतात, हे तिनं मोजलं. पायानं दाबून झाकण उघडायचा कचऱ्याचा डबा आणि फ्रिजच्या दारातले कप्पे या तिच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी. ताईनं हे ऐकलं, उठून स्वयंपाकघरात गेली, फ्रिजचं दार उघडून लोणच्याच्या बाटल्यांकडे पाहिलं आणि परत येऊन इंडस्ट्रियलच्या बाजूनं पहिलं मत टाकलं.

आता बायो. इथं भाचीचे डोळे जास्त चमकायचे. मलाही या शाखेच्या कथा अधिक आवडतात, कारण त्यांत सगळं सामान चुकीच्या दुकानातून आणलेलं असतं.

कृत्रिम मूत्रपिंड घ्या. विलेम कोल्फ हा डच डॉक्टर, काळ दुसऱ्या महायुद्धाचा, देश जर्मनांच्या ताब्यात. कांपेन नावाच्या लहान गावात १९४३ साली त्यानं डायलिसिसचं पहिलं चालतं यंत्र केलं. रक्त कशातून फिरवायचं? सॉसेजच्या सेलोफेनच्या सालीतून. खाटकाच्या धंद्यातली ही वस्तू त्यानं लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर गुंडाळली आणि पिंप खारट पाण्यात फिरवलं. फिरत्या पिंपाला रक्ताची नळी जोडायची कशी, हे कोडं फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपातला जोड पाहून सुटलं. सुरुवातीच्या पंधराएक रोग्यांपैकी जवळजवळ सगळे दगावले. १९४५ साली एक सदुसष्ट वर्षांची बाई बेशुद्धीतून उठली. कोल्फ सांगायचा की डोळे उघडल्यावर ती म्हणाली, आता मी नवऱ्यापासून घटस्फोट घेणार. आत्या म्हणाली, 'म्हणजे मेंदूला काही झालं नव्हतं.'

पेसमेकरचंही तसंच. १९५७ साली मिनियापोलिसमध्ये वीज गेली आणि भिंतीतल्या विजेवर चालणारी हृदयाची यंत्रं बंद पडली. अर्ल बॅकन नावाचा माणूस गॅरेजमध्ये रुग्णालयांची उपकरणं दुरुस्त करायचा. एका शल्यविशारदानं त्याला बॅटरीवरचं काही करून मागितलं. बॅकननं इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदाचं एक मासिक शोधलं. त्यात मेट्रोनोमचं, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना ठेका मोजून देणाऱ्या यंत्राचं सर्किट छापलेलं होतं. तोच ठेका त्यानं काळजाला दिला. महिन्याभरात यंत्र तयार! पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये शरीराच्या आत बसणारा जगातला पहिला पेसमेकर आर्ने लार्सन या गृहस्थाला बसवला गेला, तो काही तासांत बंद पडला. लार्सन बंद पडला नाही. त्यानं आयुष्यात एकूण सव्वीस पेसमेकर वापरले, ज्या इंजिनिअरनं पहिला बनवला आणि ज्या सर्जननं बसवला त्या दोघांच्याही मागं राहिला, आणि २००१ साली श्याऐंशीव्या वर्षी गेला. बायोच्या कुठल्याही प्राध्यापकानं पहिल्या तासाला हे सांगावं आणि मग हजेरी घ्यावी.

आपल्याकडच्या कथा तर आणखी जवळच्या. जयपूर फूट १९६८चा. डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर, ज्यांचं शाळेशी फारसं जमलं नव्हतं. परदेशी कृत्रिम पाय बुटासाठी बनवलेले. त्यावर ना उकिडवं बसता येई, ना मांडी घालता येई, ना शेतातल्या चिखलात उतरता येई. शर्मांनी रबराचा असा पाय घडवला की माणूस पंगतीत बसू शकला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉक्टर वलियाथन यांच्या गटानं हृदयाची झडप बनवायला घेतली. आधीचे नमुने फसले, चौथा टिकला, आणि डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा रुग्णाला बसवला गेला. चौथ्या प्रयत्नात पास होणाऱ्यांकडे आपल्या समाजात कसं पाहतात ते आठवा.

इतकं ऐकून बैठक बायोकडे झुकली होती. पण बँकेतल्या काकांनी मान न हलवता पहिल्यांदाच खरा प्रश्न विचारला. 'हे सगळं ठीक. पण पदवी घेतल्यावर पहिल्या महिन्याला ती काय करणार?' यावर मला खोटं बोलवेना. रुग्णालयांतली मोठी यंत्रं आजही बरीचशी बाहेरून येतात. त्यामुळं नुसत्या पदवीवर बायोवाल्यांना अनेकदा यंत्रं बसवणं, दुरुस्त करणं आणि विकणं ही कामं मिळतात. संशोधन करायचं तर पुढं एमटेक, पीएचडी, तीही पुष्कळदा परदेशात. धीराचं काम आहे. उलट इंडस्ट्रियलवाल्याला गोदाम, विमानतळ, रुग्णालय, कपड्यांचा कारखाना, घरपोच किराणा पोहोचवणारी कंपनी, कुणीही घेतं, कारण फुकट जाणारा वेळ सगळीकडे असतो. पण त्यालाही शॉप फ्लोअरवर कुणी चहाला बोलवत नाही. शिवाय या शाखेला आपल्या देशात मॅनेजमेंटचं भारी आकर्षण. पवईला विहार तलावाकाठी १९६३ साली इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं प्रशिक्षण देण्यासाठी 'नीटी' ही राष्ट्रीय संस्था निघाली. २०२३ साली तिची आयआयएम मुंबई झाली. म्हणजे संस्थेनंसुद्धा शेवटी एमबीएच केलं.

'मग दोन्हींत मिळून काही नाही का?' ताईनं विचारलं. आहे ना. आणि ते फसलं कसं, हेच आधी सांगायला हवं.

जॉर्ज डँटझिग हा गणिती. मर्यादित साधनांत सर्वांत चांगला पर्याय कसा काढायचा याची 'सिम्प्लेक्स' ही रीत त्यानं १९४७ साली शोधली. इंडस्ट्रियलच्या मुलांना ती घोटावी लागते. त्याच्या आधी स्टिगलर नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं हिशेब मांडला होता की एका माणसाला सर्व पोषणद्रव्यं मिळतील असा सर्वांत स्वस्त आहार कोणता. उत्तर आलं होतं वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट, आणि त्यात कणीक, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि वाळकी कडधान्यं. डँटझिगच्या रीतीनं तोच प्रश्न पुन्हा सोडवायला नऊ कारकून बसवले. हातानं फिरवायच्या गणनयंत्रांवर मिळून १२० मनुष्यदिवस लागले. नवं उत्तर ३९ डॉलर ६९ सेंट. वर्षाकाठी चोवीस सेंटची बचत! आमची आजी हा हिशेब दर महिन्याच्या एक तारखेला भाजीवाल्यासमोर उभ्या उभ्या करते, आणि कोथिंबीर वर घेते.

पुढं डँटझिगला डॉक्टरनं वजन उतरवायला सांगितलं. त्यानं ठरवलं, आहार संगणकाकडूनच काढू. पोट भरल्यासारखं वाटलं पाहिजे, अशी अट घातली. संगणकानं उत्तर दिलं: इतर पदार्थांबरोबर रोज पाचशे गॅलन व्हिनेगर प्या. व्हिनेगरमधलं पाणी माहितीत शून्य नोंदलं गेलं होतं, त्यामुळं यंत्राच्या दृष्टीनं ते पोटभरीचं पक्वान्न ठरलं. डँटझिगनं व्हिनेगर यादीतून काढलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: सूप करायच्या खारट वड्या, दोनशे. त्यानं हिय्या करून सकाळी काही वड्या पाण्यात विरघळवल्या आणि पहिला घोट थुंकला. वड्यांना तीनची मर्यादा घातली, तर यंत्र कोंड्यावर घसरलं. अखेर बायको म्हणाली, तुझं राहू दे, मी सांगते ते खा. बायकोच्या आहारानं बावीस पौंड उतरले.

भाची यावर इतकी हसली की तिला ठसका लागला. पण नंतर ती म्हणाली ते मला मोलाचं वाटलं. 'मामा, गणित बरोबरच होतं की. पोट काय असतं ते गणितवाल्यानं विचारलं नव्हतं.' बायोवाला शेजारी बसला असता तर व्हिनेगर दुसऱ्याच मिनिटाला बाहेर. आणि बायोवाल्याचा एकच एक अप्रतिम नमुना हजारो लोकांपर्यंत परवडेल असा पोहोचवायचा तर इंडस्ट्रियलवाला लागतोच.

याचा पुरावा मदुराईत आहे. डॉक्टर गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, संधिवातानं वाकड्या झालेल्या बोटांनिशी, १९७६ साली अकरा खाटांचं डोळ्यांचं रुग्णालय काढून बसले: अरविंद. त्यांना कौतुक होतं मॅकडोनाल्डचं. बर्गर सगळीकडे सारखा आणि स्वस्त देता येतो, तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया का नाही? तिथं एका सर्जनला दोन टेबलं. एका टेबलावरची शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावरचा रुग्ण तयार केलेला असतो. संपलं की सर्जन वळतो, सूक्ष्मदर्शक वळतो, पुढचा डोळा. भावोजींनी मध्येच 'लाइन बॅलन्सिंग!' असं ओरडून सांगितलं. चाकणचा माणूस, ओळखणारच. आणि परदेशी कृत्रिम भिंगं महाग पडतात म्हटल्यावर त्यांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून ती स्वतः बनवायला घेतली. भिंग बायोचं, वळणारं टेबल इंडस्ट्रियलचं, आणि रुग्णाला दोन्हींची नावं ठाऊक नाहीत. त्याला दिसायला लागलं, एवढंच.

गिलब्रेथही, बरं का, शस्त्रक्रियागृहात जाऊन आला होता. शल्यविशारद स्वतःच हत्यारं शोधण्यात वेळ घालवतो, हे त्यानं चित्रफिती काढून दाखवलं. परिचारिकेनं नेमकं हत्यार नेमक्या क्षणी हातात ठेवायचं, ही आज आपण प्रत्येक सिनेमात पाहतो ती पद्धत त्याच्या आग्रहातून आली. वीट रचणाऱ्या गवंड्याकडून हे सर्जन शिकला, पण वैद्यकाच्या पुस्तकांत गवंड्याचा उल्लेख शोधूनही सापडायचा नाही.

या सगळ्यातून निवड कशी करायची? कल चाचण्या, समुपदेशक, 'दहा प्रश्नांत ओळखा तुमची ब्रँच' वगैरे प्रकारांवर माझा विश्वास नाही. माझा उपाय बिनपैशाचा आहे. मुलाला एका सकाळी कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात घरातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर पाठवायचं. मोबाइल घरी. परत आल्यावर काय काय पाहिलंस एवढंच विचारायचं. यंत्रांबद्दल बोललं तर बायो. रांगेबद्दल बोललं तर इंडस्ट्रियल. डॉक्टरच्या मिळकतीबद्दल बोललं तर कॉमर्सला घालायला हवं होतं.

आजीच्या गुडघ्यांचं निमित्त होतंच. भाची तिच्याबरोबर गेली. दुपारी दोघी परतल्या तेव्हा आजी थकली होती आणि भाची तावातावानं बोलत होती. 'मामा, केसपेपरची खिडकी एकच. मिनिटाला एक कागद निघतो. आमच्यापुढे साठ माणसं. म्हणजे तास नक्की, हे मला पाचव्या मिनिटालाच कळलं. आणि आत ईसीजीचं मशीन रिकामं! टेक्निशियन बाई पेपर वाचत बसलेल्या. मशीनला माणूस नाही, कारण माणसं खिडकीपाशी अडकलेली. नवीन मशीन घेऊन काय होणार? दुसरी खिडकी उघडा ना!'

तिनं ईसीजीची तार कुठं लावतात हे पाहिलं नव्हतं. एन्थोवेनला त्याच ईसीजीसाठी १९२४ साली नोबेल मिळालं, हे मी सांगितलं तर ती म्हणाली, 'हो, पण बाहेरची रांग?' कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या माणसानं १९०९ साली याच प्रश्नावर, म्हणजे किती लोक ताटकळतील आणि किती खिडक्या हव्यात यावर, गणित मांडलं होतं. हे ऐकल्यावर मात्र तिनं त्याचं नाव वहीत लिहून घेतलं.

आत्या अजून नाराज आहे. तिच्या मते रांगेत उभं राहायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. माझं मत विचाराल तर भाचीचं बरोबर आहे. ज्याला रिकाम्या मशीनपेक्षा भरलेल्या रांगेचा राग येतो, त्यानं खुशाल स्टॉपवॉच घ्यावं. पण तिच्याबरोबर तिची मैत्रीण गेली असती आणि ईसीजीच्या कागदावरची नागमोडी रेघ बघत तिथंच रेंगाळली असती, तर तिला मी तितक्याच खात्रीनं बायोला पाठवलं असतं, पीएचडीचा खर्च कोण करणार हे तिच्या मामाला विचारून.

प्रवेशाच्या पसंतीक्रमात भाचीनं पहिल्या क्रमांकावर इंडस्ट्रियल भरलंय, दुसऱ्यावर बायो. तिसऱ्यापासून खालचे पर्याय भावोजींनी रात्री एकट्यानं बसून भरले. सगळे कॉम्प्युटर, कंसासकट, आणि सगळ्यांचा गेल्या वर्षीचा कटऑफ तिच्या पर्सेंटाइलच्या वर. नियम असा आहे की पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप गोठते आणि खालची यादी कुणी उघडूनही पाहत नाही.